उष्ण कटिबंधातील टणक लाकूड : टिकाऊपणाचे शास्त्र आणि अर्थकारण

मुंबईच्या गोदीत जमशेदजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. दोन शतकांनंतर ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे व आजही पाण्यावर तरंगते. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये ओक लाकडाची टंचाई निर्माण झाली होती. तथापि भारतीय सागाची निवड केवळ टंचाईपोटी झाली नाही. ओकमधील आम्लयुक्त द्रव्यांमुळे लोखंडी खिळे व बोल्ट गंजतात. सागातील तैलद्रव्ये लोखंडाला उलट संरक्षण देतात. ऊन, पाऊस, खारे पाणी आणि पायांची सततची वर्दळ यांना तोंड देणाऱ्या जहाजाच्या डेकसाठी साग हा तेव्हापासून मानदंड ठरला. आज बागा, समुद्रकिनारे, पर्यटन केंद्रे यांमधील उघड्यावरील फळ्यांच्या बांधकामालाही ‘डेकिंग’ असेच म्हणतात आणि त्यासाठी लागणाऱ्या लाकडाची कसोटीही तीच आहे.

येथे एक संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘कठीण लाकूड’ हा वनस्पतिशास्त्रीय वर्ग असून त्यात रुंद पानांच्या वृक्षांचे लाकूड मोडते. सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड ‘मृदू’ गणले जाते. या व्याख्येनुसार आगपेटीच्या काड्यांसाठी वापरली जाणारी सावरही ‘कठीण’ ठरते! साहजिकच नावावरून गुण ठरत नाही. डेकच्या दृष्टीने तीन गुणधर्म निर्णायक आहेत : कुजण्यास होणारा नैसर्गिक प्रतिकार, ओलाव्यानुसार होणारे आकुंचन-प्रसरण आणि पृष्ठभागाचा टणकपणा.

गाभ्यातील रसायने

खोडाच्या बाहेरील फिकट भागाला रसकाष्ठ म्हणतात. त्यातून पाणी व क्षार वर वाहतात आणि त्यात साठलेली पिष्टमय द्रव्ये बुरशी व किडींचे खाद्य असतात. वृक्षाचे वय वाढते तसतशा आतील पेशी मृत होतात आणि त्या मरताना त्यांत विविध कार्बनी संयुगे साठवली जातात. हा गडद भाग म्हणजे अंतःकाष्ठ, अर्थात गाभा. सागाच्या गाभ्यातील टेक्टोक्विनोन हे संयुग वाळवीला दूर ठेवते, तर रबरासारखे एक द्रव्य लाकडाला स्निग्धता व जलरोधकता देते. त्यातील सिलिकामुळे करवतीची धार लवकर बोथट होते, ही सुतारांची नेहमीची तक्रार आहे. ब्राझीलमधून निर्यात होणाऱ्या ‘इपे’ या लाकडात लॅपाकोल हे पिवळे संयुग असते. त्याच्या भुशाने कामगारांच्या त्वचेला दाह होतो, आणि बुरशीचाही तेथे निभाव लागत नाही. थोडक्यात, टिकाऊपणा हा मुख्यतः गाभ्याचा गुण आहे. अव्वल सागाचे रसकाष्ठही सामान्य लाकडाप्रमाणेच कुजते.

भारतीय मानकांमध्ये टिकाऊपणाचे वर्गीकरण प्रत्यक्ष परीक्षणावर आधारलेले आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीत लाकडाचे खुंट जमिनीत पुरून ते किती काळ तग धरतात हे पाहिले जाते. सरासरी आयुष्य १२० महिने किंवा अधिक असल्यास पहिला वर्ग, ६० ते १२० महिन्यांदरम्यान दुसरा आणि ६० महिन्यांपेक्षा कमी असल्यास तिसरा. साग व साल हे दोन्ही पहिल्या वर्गात येतात. याच संस्थेने भारतीय लाकडांच्या ताकद, टणकपणा इत्यादी गुणांची तुलना करताना सागाला १०० हा अंक देऊन निर्देशांक तयार केले. किंमत निर्देशांकातील आधारवर्षाची संकल्पना परिचित असणाऱ्यांना ही रचना सहज समजेल.

ओलावा आणि फळीची हालचाल

ओल्या लाकडातील पोकळ्यांतील पाणी निघून जाईपर्यंत आकार बदलत नाही. ओलावा सुमारे २८ टक्क्यांच्या खाली गेला की पेशीभित्तिकांतील पाणी कमी होऊ लागते आणि आकुंचन सुरू होते. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरड्या अवस्थेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सागाचे आकुंचन ५.८ टक्के, तर इपेचे सुमारे ८ टक्के होते. पावसाळा आणि उन्हाळा यांत फळीतील ओलावा ६ टक्क्यांनी बदलतो असे मानल्यास १४० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी सुमारे पावणेदोन मिलिमीटर, तर इपेची सुमारे २.४ मिलिमीटर हलते. फरक किरकोळ वाटतो. परंतु फटी न ठेवता ठोकलेल्या वीस इपे फळ्यांमध्ये हीच हालचाल पावणेपाच सेंटिमीटर होते आणि फळ्या उचलल्या जातात.

टणकपणात मात्र इपे कितीतरी पुढे आहे. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवण्यास लागणारे बल मोजणाऱ्या जान्का चाचणीत सागाचा आकडा सुमारे ४,४०० न्यूटन, तर इपेचा सुमारे १६,४०० न्यूटन येतो. इपेची घनताही प्रति घनमीटर १,००० किलोग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे ते जवळजवळ पाण्याएवढेच जड. म्हणून वर्दळीच्या सार्वजनिक पदपथांसाठी इपेला पसंती मिळाली. साग टणकपणात मध्यमच आहे. त्याची श्रेष्ठता गुणांच्या संतुलनात आहे.

काळाची किंमत

अर्थशास्त्राचा प्रश्न येथून सुरू होतो. गाभा तयार होण्यास वेळ लागतो आणि वेळेला व्याज लागते. मलबारचे जिल्हाधिकारी कॉनॉली यांनी चातू मेनन यांच्या साहाय्याने निलंबूर येथे १८४० च्या दशकात जगातील पहिली मोठी सागलागवड केली. अशा सरकारी लागवडीत तोडीचे चक्र पन्नास ते ऐंशी वर्षांचे राहिले. खाजगी गुंतवणूकदार इतका थांबू शकत नाही. ८ टक्के चक्रवाढ दराने १०० रुपयांचे २० वर्षांत ४६६ रुपये, तर ६० वर्षांत सुमारे १०,१२६ रुपये होतात. याचा अर्थ, साठ वर्षांचा वृक्ष वीस वर्षांच्या वृक्षापेक्षा जवळजवळ बावीसपट मोलाचा असेल तरच थांबणे परवडेल. व्याजदर ४ टक्के धरल्यास हेच गुणोत्तर पाचपटीच्या आत येते. जर्मन वनतज्ज्ञ मार्टिन फाउस्टमान यांनी १८४९ मध्ये मांडलेल्या सूत्राचे मर्म हेच आहे. व्याजदर जितका चढा, तितकी तोड लवकर आणि तितकाच गाभा लहान.

१९९० च्या दशकात देशात अनेक कंपन्यांनी सागलागवडीच्या योजना काढून अल्प मुदतीत प्रचंड परताव्याची आश्वासने दिली. असंख्य मध्यमवर्गीयांची बचत त्यांत अडकली आणि अखेर १९९९ मध्ये ‘सेबी’ला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र विनियम करावे लागले. या योजनांच्या जाहिरातींत जुन्या जंगली सागाचा भाव आणि कोवळ्या झाडाचे वय एकत्र जोडलेले असे. वस्तुतः जलद वाढीने सागाची ताकद घटतेच असे नाही. प्रश्न ताकदीचा नसून गाभ्याच्या प्रमाणाचा व त्यातील रसायनांचा आहे. युरोपीय मानकात नैसर्गिक जंगलातील आशियाई साग टिकाऊपणाच्या पहिल्या वर्गात आहे, तर लागवडीचा साग पहिल्यापासून तिसऱ्या वर्गापर्यंत विखुरलेला आहे.

ग्राहकाला मात्र हा फरक खरेदीच्या वेळी दिसत नाही. तो आठ-दहा पावसाळ्यांनंतर दिसतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या आधारे मांडलेला असममित माहितीचा सिद्धांत या बाजाराला तंतोतंत लागू पडतो. चांगल्या-वाईट मालाला एकच भाव मिळू लागला की साठ वर्षे थांबणारा उत्पादक बाजारातून बाहेर पडतो. प्रतवारी व मूळस्थानाचे प्रमाणपत्र यांचे महत्त्व या ठिकाणी आहे.

पुरवठ्याची बाजूही आक्रसत आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने नैसर्गिक वनांवरील भार कमी करण्यावर भर दिला आणि गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या आदेशाने वृक्षतोडीवर कठोर मर्यादा आल्या. भारत सागाचा मोठा आयातदार बनला. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील लागवडीच्या सागावरील भिस्त वाढली, म्हणजेच कमी वयाच्या सागावरील. इपेबाबत पनामा येथे २०२२ मध्ये झालेल्या ‘साइट्स’ परिषदेने त्याच्या प्रजातींचा परिशिष्ट दोनमध्ये समावेश केला. तो २५ नोव्हेंबर २०२४ पासून अमलात आला असून, तोडीमुळे प्रजातीच्या अस्तित्वास बाधा येत नाही असा निर्वाळा मिळाल्याखेरीज निर्यात परवाना देता येत नाही. न्यूयॉर्क शहराने तर २००८ मध्येच उष्ण कटिबंधीय लाकडाचा वापर घटवण्याचे जाहीर केले होते आणि २०१२ च्या ‘सँडी’ वादळात उद्ध्वस्त झालेला रॉकअवे येथील किनारपथ काँक्रीटचा बांधला.

वृक्षाने दीर्घकाळात साधलेले काम रसायनांनी अल्पावधीत साधण्याचा मार्गही भारतातच सापडला, ही बाब फारशी परिचित नाही. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे ‘आस्कू’ हे मिश्रण शोधले. त्यावर आधारित संरक्षकांनी जगभर सामान्य लाकडाला दशकांचे आयुष्य दिले. पुढे आर्सेनिकच्या भीतीमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती डेकसाठी त्याचा वापर थांबला व आर्सेनिकविरहित ताम्रसंयुगे पुढे आली. सागाचा गाभा असे द्रावण जवळजवळ शोषतच नाही. रसकाष्ठ ते सहज शोषते. वीस वर्षांचा साग पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या मालात रसकाष्ठ अधिक असते. तो अस्सल जुन्या सागाच्या नावाने विकण्यापेक्षा प्रक्रिया केलेले लाकूड म्हणून, प्रक्रियेच्या शिक्क्यासह व त्याच्या वाजवी भावाने विकला जाणे त्याच्याही हिताचे आहे आणि ग्राहकाच्याही.