कवचाचा पोत आणि स्नायूखालची जागा

परकी वस्तू देहात शिरली की देह तिच्याभोवती तंतूंची भिंत उभारतो, हा त्याचा कायदाच आहे. आणि १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन व जेरो या शल्यविशारदांनी सिलिकोनचे पहिले स्तनरोपण केले, तेव्हापासूनची मोठी चिंता या भिंतीचीच आहे. ती आकसली की स्तन कठीण होतो, दुखतो. गुळगुळीत कवचाभोवतीचे तंतू एकजुटीने आकसतात, या समजुतीने खरबरीत कवच निघाले: कच्च्या सिलिकोनवर मिठाचे खडे दाबून मग ते धुऊन काढले, की बोटाला पॉलिशपेपरसारखा पोत लागतो. ग्रंथीखालच्या रोपणात त्याचा लाभ दिसला. छातीच्या स्नायूखाली आकसण्याचे प्रमाण मुळातच कमी, मात्र हाताला जोर देताच स्तन विरूप दिसण्याची तक्रार तिथलीच. पुढे याच खरबरीतपणाशी लसिकापेशींच्या एका विरळ कर्करोगाचा संबंध जुळला, आणि जुलै २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या विनंतीवरून अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल ही खरबरीत रोपणे जगभरातून परत मागविली. रोपणानंतर काही वर्षांनी एका बाजूस अकस्मात सूज आली, तर ती या कर्करोगाची खूण असू शकते; कोणत्याही स्त्रीने ती संकोचापायी अंगावर काढू नये, असे मला कळकळीने वाटते. रोग वेळीच सापडल्यास भिंतीसह रोपण काढणे बहुतेकींना पुरते.