शिकारीची गाडी

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. रविवारी सकाळी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात अमेरिकेहून भाच्याचा फोन आला. तो तिकडे मिनेसोटा राज्यात नोकरी करतो. घरच्यांची, पावसापाण्याची चौकशी झाल्यावर म्हणाला, "मामा, एक सल्ला हवाय. शिकारीसाठी गाडी घ्यायचीय."

माझ्या हातातला कप हातातच राहिला. माझ्या बहिणीचं सासर असं, की अंड्याचं भांडं वेगळं आणि ते मागच्या पडवीत. त्या घरातला हा मुलगा! पण गेली दोन वर्षं तो ऑफिसातल्या मित्रांबरोबर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातो, रीतसर परवाना काढून. हे त्याने आईला अजून सांगितलेलं नाही. "तुम्ही बँकेत जन्मभर लोकांना गाड्यांसाठी कर्जं दिलीत," तो म्हणाला, "आणि तुमच्या काकांकडे शिकारीची जीप होती, असं आई सांगते. मग तुम्हाला नाही तर कुणाला विचारू?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. विचार करून सांगतो म्हणालो.

संध्याकाळी त्याने चित्रं पाठवली. ही गाडी आपल्या जीपसारखी नसते. फुग्यासारखी चार चाकं, मोटारसायकलीसारखं हँडल आणि घोड्यावर बसल्यासारखी बैठक. तिकडे तिला एटीव्ही म्हणतात. होंडा कंपनीने १९७० मध्ये अशी पहिली गाडी अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा तिला तीनच चाकं होती. वळणावर ती फार उलटू लागली, माणसं मेली, आणि १९८८ मध्ये तीनचाकीची विक्री तिथे थांबली. तोवर चारचाकी आली होती. तिच्या टायरमधली हवा पाहून मी चकित झालो. आपल्या मोटारीत साधारण तीस पौंड हवा भरतात. हिच्यात पाच-सात पौंड. त्यामुळे टायर जमिनीवर पसरतो आणि चिखलात रुतत नाही. उंटाच्या पावलासारखाच हा प्रकार.

मी वही काढली आणि कर्जप्रस्ताव आल्यासारखे रकाने पाडले. इंजिन, वजन, ओढण्याची ताकद, दुरुस्तीची सोय. पण रकाने भरता भरता माझ्या डोळ्यांपुढे येऊ लागली ती काकांची जीप.

आमचं गाव उमरेडच्या पुढे, जंगलाला लागून. काकांची जीप डिस्पोजलची, म्हणजे युद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली. ही गाडी मुळात लढाईसाठीच जन्माला आली. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीची मागणी काढली आणि नमुना तयार करायला अवघे ४९ दिवस दिले. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. वजन अकराशे किलोच्या आसपास, इंजिन साठ अश्वशक्तीचं. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येई. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असत. एकीने पुढची चाकं इंजिनाला जोडायची, दुसरीने ताकद वाढवून वेग उतरवायचा. मग नाला असो की नांगरलेलं शेत, गाडी मुंगीसारखी चढून जाई. १९४७ पासून महिंद्रांनी हीच विलीज जीप मुंबईत आणून जोडायला सुरुवात केली आणि ती तालुक्या-तालुक्यात पोचली.

त्याआधी मोटारीतून शिकार होत नव्हती असं नाही. कोट्याच्या महारावांची १९२५ सालची रोल्स रॉईस खास वाघाच्या शिकारीसाठी सर्चलाइट लावून सजवलेली होती. पण ते राजेरजवाड्यांचं काम. आमच्या काकांसारखा माणूस रेंगीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, जंगलाच्या तोंडापर्यंत जायचा आणि पुढे पायी. बैल दमायचे, माणसं दमायची, अंधार पडायचा. आठ रात्रींतल्या सात रात्री हात हलवत परत यायचे. जनावरं शिल्लक होती, त्यात या दमण्याचाही वाटा होता. जीप दमत नव्हती.

१९६९ चा उन्हाळा. मी नऊ वर्षांचा होतो. हट्ट धरला म्हणून काकांनी एका रात्री मला मागच्या बाकावर घेतलं. शेजारी आमच्याकडचा म्हातारा गडी बसला होता. माग काढण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्या रात्री मात्र त्याला काही कामच नव्हतं. काकांचा मित्र उभा राहून हातातला दिवा डावी-उजवीकडे फिरवत होता. एका वळणावर दोन हिरवे ठिपके चमकले. सांबराची मादी होती. ती पळेल म्हणून मी श्वास रोखून बसलो. ती पळाली नाही. उजेडात डोळे दिपून जागच्या जागी उभी राहिली, कान तेवढे हलत होते. इंजिन चालू होतं. म्हातारा हळूच म्हणाला, "मालक, हे त उभं जनावर हाय. याले शिकार नाय म्हनत."

काकांनी बार काढला. दुसऱ्या दिवशी घरात मटण शिजलं आणि मीही आवडीने खाल्लं, हे इथे सांगितलंच पाहिजे. म्हातारा मात्र त्यानंतर शिकारीसाठी जीपमध्ये चढला नाही. काकांनी दोनदा बोलावणं पाठवलं. दोन्ही वेळा त्याचे गुडघे दुखत होते.

काका काही वाईट माणूस नव्हते. त्या काळी देशभर हेच चाललं होतं. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजांना रात्री गाडीतून जाताना तीन चित्ते एकत्र बसलेले दिसले. तिघांना मिळून दोन गोळ्या पुरल्या. दुसरी गोळी एकातून आरपार जाऊन मागच्याला लागली. ही हकिकत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली, तेव्हा संपादकांनी खाली आपला संताप नोंदवला होता. भारतातल्या चित्त्याची खात्रीलायक अशी ती शेवटची नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. माळढोकाचंही तेच. उघड्या माळावर चालत जाणाऱ्या माणसाला हा पक्षी जवळ येऊ देत नसे. माळावर जीपला रस्ता लागत नाही. तिला तो चुकवणार तरी कसा?

वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही जनावरांच्या शिकारीचे परवाने होते. पण परवाना असला तरी गाडीतून शिकार करायची नाही, गाडीने जनावर पिटाळायचं नाही, रात्री शिकार करायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हाताऱ्याने जे एका वाक्यात सांगितलं, ते सरकारने कलमं घालून सांगितलं. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांचा तो भागच गेला.

आता माझ्या नोकरीतली गोष्ट. १९८७ मध्ये मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाखेत कृषी अधिकारी होतो. एका सधन शेतकऱ्याने डिझेल जीपसाठी अर्ज केला. कागदपत्रं चोख होती. कोटेशनमध्ये शेवटी एक ओळ होती, 'जादा दिवा, फिरता, एक'. मी विचारलं, "हा कशाला?" तो म्हणाला, "रात्री ओलिताले जा लागते साहेब. सापकिरडाचं भेव." मी मान डोलावली. अहवालात लिहिलं, 'वाहन सर्व प्रकारच्या रस्त्यांवर, तसेच रस्ता नसलेल्या ठिकाणीही चालण्यास योग्य. शिफारस करण्यात येत आहे.'

चौदा महिन्यांनी ती जीप जंगलातल्या नाक्यावर पकडली गेली. मागच्या बाकाखाली पोत्यात चितळ होतं. गुन्ह्यात वापरलेलं वाहन सरकारजमा होतं, अशी त्या कायद्यात तरतूद आहे. जीप बँकेकडे नजरगहाण, आणि उभी वनखात्याच्या आवारात. वरून पत्र आलं, 'तारण सुस्थितीत असल्याचे प्रत्यक्ष पाहून कळवावे.' मी गेलो. सागाखाली जीप उभी होती. टायर बसले होते, बॉनेटवर पाचोळा साचला होता. तो फिरता दिवा मात्र शाबूत होता. तो कशाचा दिवा आहे हे वयाच्या नवव्या वर्षापासून मला ठाऊक होतं. कोटेशन वाचतानाही ठाऊक होतं. पण हप्ते वेळेवर येतील की नाही, एवढंच पाहण्याची मला सवय लागली होती. कर्ज पुढे त्याच्या भावाने फेडलं. माझ्यावर ठपका आला नाही. तो मीच मनात ठेवला आहे.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणावं तर तसंही नाही. आमच्या गावाजवळच्या त्या जंगलाचा भाग आता उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आहे. २०२४ च्या ३१ डिसेंबरला तिथे गोठणगाव भागात पर्यटकांच्या गाड्यांनी एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाड्यांमध्ये बंदूक एकही नव्हती, सगळ्यांच्या हातात कॅमेरे आणि फोन. पण फोटो पाहताना मला ती सांबराची मादीच आठवली. आपल्याजवळ पोचणारी गाडी आहे, म्हणून पोचायचंच, हा हट्ट तोच.

चार दिवसांनी मी भाच्याला लांबलचक पत्र लिहिलं. गाडीच्या ताकदीवर भाळू नकोस. पाचशे सीसीच्या आसपासचं इंजिन एका माणसाला आणि एका हरणाला पुष्कळ झालं. चारही चाकं ओढणारी आणि उतारावर सावकाश उतरवणारा जड गिअर असलेली घे. पुढे तारेचा विंच हवाच; एकटा रुतलास तर झाडाला तार बांधून तोच तुला बाहेर काढील. अशी गाडी तीनशे किलोच्या घरात जाते. तिरक्या चढावर उलटली तर तीच अंगावर येते, म्हणून हेल्मेट घाल. एकाच्या बैठकीवर दुसऱ्याला बसवू नकोस. ज्या कंपनीचा मेकॅनिक तुझ्या गावात आहे, तीच कंपनी चांगली समज. पत्रकातले आकडे घरी वाचायला असतात, सुटा भाग शनिवारी संध्याकाळी मिळाला पाहिजे.

आणि शेवटी लिहिलं, की ही गाडी सामान न्यायला, मारलेलं जनावर बाहेर ओढून आणायला आणि थंडीत तुला जिवंत घरी पोचवायला आहे. जंगलाच्या कडेला ती बंद कर आणि पुढे पायी जा. तुमच्याकडेही पुष्कळ राज्यांत गाडीवरून गोळी झाडणं गुन्हा आहे. थिओडोर रूझवेल्ट स्वतः मोठे शिकारी. त्यांनी १८८७ मध्ये मित्रांसह शिकाऱ्यांचा क्लब काढला, त्याची शिकवणही हीच, की जनावराला निसटायची संधी हवी. आमच्या म्हाताऱ्याने हे सगळं वाचलेलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्याचा फोन आला.

"मिळालं का काही?" मी विचारलं.

"नाही मामा. दोन दिवस चाललो. एकदा दिसलं, पण वाऱ्यावर माझा वास गेला आणि शेपटी वर करून पळालं."

"आणि गाडी कशी निघाली?"

"गाडी? ती काय, दिवसभर कडेला उभी होती."

म्हटलं, "मग चांगली घेतलीस."