दिवसा गड, रात्री तंबू

हंगेरियन भाषेत 'वार' म्हणजे किल्ला आणि 'काश्तेय' म्हणजे सरदाराचा वाडा. इंग्रजी पर्यटन-पुस्तिका दोन्हींना सर्रास एकच शब्द लावतात. मग तटबुरूज पाहायच्या हौसेने जावं, तर समोर झुंबरं आणि गालिचे! म्हणून नकाशावर 'वार' शोधावं. 'वाररोम' दिसलं तर तो पडका किल्ला. आपल्याकडच्या गडवेड्यांना बहुधा तोच अधिक भावेल.

मुक्काम टाकावा बालातोन सरोवराच्या उत्तर काठावर. हे सरोवर सुमारे ७७ किलोमीटर लांब, पण सरासरी खोली जेमतेम तीन मीटर. दक्षिण काठ उथळ, पोराबाळांच्या डुंबण्याचा. डोंगर उत्तरेला, म्हणून किल्लेही तिकडेच. तंबूच्या तळावर जागेचे, माणशी आणि गाडीचे पैसे बहुधा वेगवेगळे मोजावे लागतात, वर स्थानिक पर्यटन कर. संध्याकाळी तिवईला 'बोग्राच' नावाची कढई टांगून गुयाश रटरटत ठेवतात. मुळात हे गुराख्यांचं कालवण, तिथे ते पातळच असतं. शाकाहाऱ्यांनी लांगोश घ्यावा: भटुऱ्याचा थोरला भाऊ, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज.

काठावरचा बादाचोन्य डोंगर पाहून सह्याद्रीत फिरलेला माणूस थबकतोच. सपाट माथा, काळा बेसॉल्ट! त्याच्या शेजारी सिगलिगेतचा किल्ला. त्याची गोष्ट मंगोल स्वारीपासून सुरू होते. १२४१मध्ये मोहीच्या लढाईत मंगोलांनी हंगेरीचं सैन्य कापून काढलं, राजा चौथा बेला जीव घेऊन पळाला. परतल्यावर त्याने दगडी किल्ल्यांचा ध्यास घेतला, कारण मंगोलांपुढे टिकली होती ती मुख्यतः भक्कम तटाआडची ठाणी. सिगलिगेत त्याच लाटेतला, १२६०च्या दशकात बेनेडिक्टाइन साधूंनी बांधलेला. तेव्हा या टेकडीभोवती पाणी होतं. चढ फारसा नाही. माथ्यावरून सरोवर मात्र लांबवर दिसतं.

उत्तरेला थोड्या अंतरावर श्युमेग. उघड्या मैदानातून एकटी उठलेली चुनखडकाची टेकडी, माथ्यावर किल्ला. तिथे घोडेस्वारांच्या भालेबाजीचे खेळ होतात. मुलं खूश होतात; मी ते टाळून तटावर जास्त वेळ घालवायला सांगेन.

पुढे हंगेरीवर चालून आलेल्या तुर्कांना हे दोन्ही किल्ले घेता आले नाहीत. मग पडले कसे? सिगलिगेतवर आधी वीज कोसळली आणि १७०२मध्ये व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग राज्यकर्त्यांनी तो पाडला. श्युमेग १७१३मध्ये त्यांच्याच फौजेने जाळला. तुर्क गेल्यावर व्हिएन्नाला धास्ती होती हंगेरियन बंडखोरांची, आणि बंडखोरांना आसरा द्यायचा तो किल्ल्यांनी. १८१८नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या, तोच हिशेब.

एगेरचा किल्ला बालातोनहून रोजच्या फेरीत जमणार नाही, देशाच्या ईशान्येला आहे. तिथे तंबू हलवावा. १५५२च्या शरदात डोबो इश्त्वान या किल्लेदाराने जेमतेम दोन हजार माणसांनिशी प्रचंड तुर्की फौज पाच आठवडे थोपवली आणि परतवून लावली. बायकाही तटावर लढल्या. पुढे १५९६मध्ये मात्र परदेशी भाडोत्री शिबंदीने किल्ला तुर्कांच्या हाती सोडून दिला. शहरातला चाळीस मीटर उंच मिनार त्या तुर्की अमलाची खूण. आतला जिना ९७ पायऱ्यांचा, इतका अरुंद की जाडजूड माणसाने विचार करूनच शिरावं. या किल्ल्याचा बाहेरचा भागही १७०२मध्येच उडवला गेला. भुयारांतून वाटाड्यासोबत जाता येतं. तेवढ्यासाठी वेगळं तिकीट लागलं तरी काढावं. संग्रहालयं सोमवारी बहुधा बंद असतात, तो दिवस पोहण्याला द्यावा.

एगेरच्या १५५२च्या वेढ्यावर गार्दोनी गेझाने लिहिलेली कादंबरी हंगेरीतली मुलं शाळेत वाचतात. गार्दोनी १९२२मध्ये गेला. त्याची कबर याच किल्ल्यात, बुरुजावर आहे आणि तिच्यावर एवढंच कोरलंय: 'फक्त त्याचा देह'.