थंड वाळवंटातला रस्ता आणि तो राखणारे हात

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थानातील तापलेली वाळू आणि उंटांचे तांडे उभे राहतात. पण पाऊस पडत नाही तो मुलूख वाळवंटच, मग तिथे ऊन असो की बर्फ. लडाख हा असाच थंड वाळवंटाचा मुलूख आहे. लेह गावी वर्षाकाठी सरासरी अवघा शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याचे कारण आपल्या लोकांना समजायला अवघड नाही. सह्याद्री ढग अडवतो, म्हणून महाबळेश्वर चिंब भिजते आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटाव कोरडे राहते. तिथे हेच काम हिमालय करतो, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

या मुलखातून मनाली ते लेह हा सुमारे ४३० किलोमीटरचा प्रवास आम्ही २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात मोटारसायकलवरून एकट्याने केला. कचेरीतील मंडळी म्हणाली, "साहेब, या वयात हे काय खूळ?" घरी सौभाग्यवतींची परवानगी मिळवायला दोन महिने लागले. रोज रात्री फोन लागेलच असे नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवले होते. हा प्रवास कसा झाला, हे वाचकांना सांगावेसे वाटते. पण त्याहून अधिक सांगायचे आहे ते त्या रस्त्यावर भेटलेल्या माणसांविषयी.

तयारी

आमची बुलेट जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. ती मुंबईहून चंदीगडपर्यंत रेल्वेच्या पार्सलने पाठवली. त्यासाठी टाकीतले पेट्रोल पूर्ण काढावे लागते, गाडीला गोणपाट बांधावे लागते आणि आर.सी. बुकाची प्रत द्यावी लागते. क्लचची व अ‍ॅक्सिलरेटरची जादा केबल, दोन ट्यूब, प्लग, पंक्चरचे सामान आणि पाच लिटरचा पेट्रोलचा डबा बरोबर घेतला. डबा अत्यावश्यक. मनालीपुढे तांदी येथील पंपावरचा एक फलक प्रवाशांत प्रसिद्ध आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असे तो बजावतो.

मनालीहून निघाले की पूर्वी रोहतांग खिंड चढावी लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि ४६ किलोमीटरचे अंतर वाचले. बोगद्याच्या अलीकडे देवदारांची हिरवीगार झाडी आणि पलीकडे हळूहळू उघडे पडत जाणारे डोंगर. तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम होतो. तीच पुढे चिनाब. आम्ही जिस्पा गावी दोन रात्री मुक्काम केला. हवेची सवय व्हावी म्हणून हे करणे भागच असते.

विरळ हवेची वाट

या रस्त्यावर रोहतांग सोडूनही चार मोठ्या खिंडी आहेत. बारालाचा सुमारे ४,८५० मीटर उंच, नंतर नकी-ला, पाच हजार मीटरच्या वर लाचुंग-ला, आणि सर्वांत उंच तांगलांग-ला ५,३२८ मीटर. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी ही उंची पुरी व्हायची नाही. तांगलांग-लावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. कार्बोरेटरच्या गाडीला हवा कमी पडून पेट्रोल जास्त होते, काळा धूर येतो, प्लग काजळतो. सपाटीवर तिसऱ्या गिअरमध्ये चढावा असा चढ तिथे पहिल्या गिअरमध्ये चढावा लागतो.

सरचूच्या तंबूत रात्री डोके ठणकत होते. थंडीने पाण्याच्या बाटलीत सकाळी बर्फाचे खडे झाले होते. पुढे गाटा लूप्सची एकवीस वळणे चढून, दोन खिंडी ओलांडून पांग लागते. तिथे तंबूतील ढाबे आहेत. एका ढाब्यात लडाखी बाई एकट्याच चुलीपाशी होत्या. तिकडे वडील बहिणीला 'आचे' म्हणतात आणि आदराने पुढे 'ले' जोडतात. आम्ही "जुले, आचे-ले" म्हणताच त्या हसल्या आणि चहाचा दुसरा कप न मागता पुढे ठेवला. उन्हाळ्यात यायचे, बर्फ पडू लागले की तंबू गुंडाळून गावी परतायचे, असा त्यांचा संसार.

पांगच्या पुढे मोरे पठार. साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवर सुमारे चाळीस किलोमीटर सपाट माळ. झाड नाही, घर नाही. दोन्ही बाजूंना तांबडे-पिवळे डोंगर आणि मध्ये डांबरी रस्त्याची एक रेघ. गाडी थांबवून इंजिन बंद केले तर स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात. अशा ठिकाणी माणसाला वाटू लागते, आपण इथवर एकट्याने आलो! पण डांबराच्या त्या रेघेकडे पाहिले की हा अभिमान टिकत नाही.

रस्ता कोणी केला?

सीमा सडक संघटना ७ मे १९६० रोजी स्थापन झाली. हिमालयातील असे रस्ते बांधणे आणि हिवाळ्यानंतर बर्फ उपसून ते पुन्हा खुले करणे हे तिचे काम. अभियंते आणि यंत्रे तिची, पण दगड फोडणारे, खडी पसरणारे, पिंपात डांबर उकळणारे हात बहुतांशी रोजंदारीवरच्या मजुरांचे. यातील फार मोठी संख्या झारखंडमधील दुमका व आसपासच्या संथाळ परगण्यातील आदिवासींची आहे. घामाच्या मुलखातला माणूस गोठणाऱ्या मुलखात पोटासाठी जातो.

बारालाचाच्या अलीकडे एका नाल्यात आमचे मागचे चाक दोन दगडांत अडकले. बर्फ वितळून दुपारनंतर अशा नाल्यांना पाणी वाढते. गुडघाभर पाणी, सुईसारखे टोचणारे. पलीकडे काम करणारे चौघे मजूर न बोलावता पाण्यात उतरले आणि गाडी उचलून काठावर आणली. तोंडाला फडके, अंगावर डांबराचे डाग. आम्ही पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. बिस्किटे मात्र घेतली. त्यांतला एक दुमक्याचा होता. घरी दोन मुली, दोघी शाळेत. ऑक्टोबर अखेर काम संपले की घरी जाणार, म्हणाला. "भाऊ, इथली थंडी सोसवते का?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "थंडीची सवय होते, धुळीची होत नाही."

या मजुरांची दैना बाहेरच्या जगाला खऱ्या अर्थाने दिसली ती २०२० च्या टाळेबंदीत. लडाखमध्ये अडकलेल्या साठ मजुरांना २९ मे २०२० रोजी झारखंड सरकारने विमानाने परत आणले. मजुरी थेट हाती न पडता मधल्या मुकादमांच्या, म्हणजे 'मेट'च्या, हातून कापली जाते, अशा तक्रारी तेव्हा पुढे आल्या. त्यानंतर जूनमध्ये दीड हजारांहून अधिक मजूर दुमक्याहून खास रेल्वेने पुन्हा कामावर गेले, ते मजुरी थेट बँक खात्यात जमा होईल या बोलीवर.

आणखी एक गोष्ट आम्हाला परतल्यावर वाचनात आली आणि मन सुन्न झाले. रोजंदारीवरचा मजूर कामावर मेला तर त्याचा देह जपून गावी पोहोचवण्याची सोय कायम नोकरांना होती, त्याला नव्हती. घरच्यांना एवढा खर्च झेपत नसे, म्हणून अंत्यसंस्कार बहुधा तिथेच उरकावे लागत. ही सोय रोजंदारी मजुरांनाही लागू झाली ती सप्टेंबर २०२३ मध्ये. अंत्यसंस्काराची मदतही तेव्हाच एक हजारावरून दहा हजार रुपये झाली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्यासाठी दहा लाखांच्या विम्याची योजना मंजूर झाली. संघटना स्थापन झाल्यापासून साठाहून अधिक वर्षे गेल्यावर!

लेह

तांगलांग-ला उतरले की रुमत्से, उपशी, कारू अशी सिंधूच्या काठाने वाट लेहकडे जाते. हिमनदीचे पाणी पाटाने आणून लोकांनी जव पिकवले आहेत, जर्दाळू लावले आहेत. पाणी पोहोचते तिथे हिरवे, पोहोचत नाही तिथे उघडा खडक. वाटेत ठिकसेचा गोम्पा, शे गावची बुद्धमूर्ती, आणि लेहमध्ये जपानी भिक्खूंच्या पुढाकाराने उभा राहिलेला शांती स्तूप, जो १९९१ साली खुला झाला. स्तूप वा मणी-भिंत नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे, हा तिथला रिवाज आहे. मोटारसायकलवाल्यानेही तो पाळावा.

जाणाऱ्यांसाठी

आपल्या वस्त्यांतील तरुण आता हप्त्यावर मोटारसायकल घेऊन लडाखची स्वप्ने पाहतात. जरूर जावे. दम्याचा, रक्तदाबाचा वा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पहिले दोन दिवस घाई करू नये. डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे सुरू झाले तर वर न जाता ताबडतोब खाली उतरावे. दारू, सिगारेट पूर्ण वर्ज्य. नाले सकाळीच ओलांडावेत. प्लास्टिकचा एकही कागद तिथे टाकू नये, कारण तो उचलायला कोणी येत नाही.

आणि रस्त्याचे काम चालू दिसले की वेग कमी करावा. आपली धूळ त्यांच्या फुप्फुसात जाते. थांबून दोन शब्द बोलावे, पाण्याची बाटली द्यावी. मोबाईलमध्ये डोंगरांचे शंभर फोटो येतील. त्या माणसांचे गाव कोणते, घरी कोण आहे, हेही विचारून यावे. आपल्यापैकी कितीतरी घरांतील आई-वडिलांनी खडी फोडली आहे, गटारे खणली आहेत. म्हणून त्या मजुराला ओळखणे आपल्याला इतरांपेक्षा सोपे जायला हवे.