रस गळून उरलेला वास

अत्तरावर लिहायचं ठरलं की लिहिणारे कनौजच्या गुलाबाकडे वळतात. मला कुतूहल होतं ते वास टिकतो कशामुळे, याचं. त्याचा माग काढत पिंपरी पेंढारला कल्याण–नगर रस्त्यावरच्या किराणा दुकानात धूप मागितला. पुडीत पिवळट, धुळकट खडे निघाले: सालईचा डिंक. इथून पश्चिमेला नाणेघाट. सातवाहनकाळी जुन्नरचा माल या घाटाने कोकणातल्या बंदरांकडे उतरे, आणि भडोचहून गुग्गुळ हा असाच सुवासिक डिंक रोमन जगात जाई, हे ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलेलं आहे. इतिहास एवढा पुरे.

सालई मेळघाट-सातपुड्याच्या उघड्या, खडकाळ उतारांवर वाढते. नोव्हेंबरपासून पावसाळा लागेपर्यंत खोडाची साल पातळ तासतात. पाझर आटला की जखम पुन्हा ताजी करतात. वर्षाकाठी एका झाडाचा डिंक साधारण किलोभर.

मी अडकलो ते टोपलीपाशी. ताजा डिंक काकवीसारखा चिकट असतो. तो बांबूच्या टोपलीत महिनाभर ठेवतात. पातळ रस खाली गळून जातो, वर घट्ट राळ उरते. मग ती फोडायची, सालीचे कपटे वेचायचे, रंग पाहून निवड करायची. घाई केली की माल बिघडलाच.

अत्तरवाल्यालाही असंच उरलेलं हवं असतं. डिंकातून वाफेवर तेल निघतं, पण त्यात थुजीन, पायनीन असे हलके घटक जास्त. वास तरतरीत, पण लवकर उडणारा. उबदार, गोडसर, जड भाग भांड्यातच राहतो. तो द्रावकाने काढून मिश्रणात घातला की लिंबू-गुलाबही रेंगाळतात. याला म्हणतात बेस नोट. सकाळी लावलेल्या अत्तराचं रात्री मनगटावर जे शिल्लक असतं, ते हेच.

पण झाडाचं काय? खोल आणि वरचेवर घाव घातले की सालई खंगते. वणवे आणि चराई रोपांना वर येऊ देत नाहीत. सांधेदुखीच्या गोळ्यांसाठी ‘शल्लकी’ म्हणून हाच डिंक खपतो. शिवाय सातपुड्यातल्या नेपानगरच्या कारखान्यात 1950 च्या दशकात वर्तमानपत्राचा कागद निघू लागला, तो बांबूबरोबर सालईच्याही लाकडापासून; म्हणजे आम्हा लिहिणाऱ्यांचा हातही यात आहेच. सालईच्या इथिओपियाकडच्या बहिणीबद्दल 2019 मध्ये संशोधकांनी इशारा दिला, की धुपाचं उत्पादन वीस वर्षांत निम्म्यावर येईल. नवी झाडं उभीच राहत नाहीत, हे कारण. आपल्याकडे त्या वाटेने जायचं नसेल, तर घाव घालण्यावर मर्यादा हवी आणि जखमेला विश्रांती.

सालईची जाड फांदी पावसाआधी जमिनीत रोवली तर मूळ धरते. खडकाळ बांध असलेल्यांनी एखादी लावून पाहावी.