रांग टाळायचेही पैसे

फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडलं, तेव्हा मोठ्यांचं प्रवेश तिकीट साडेतीन डॉलर होतं. राइडची कुपनं वेगळी. २०१५मध्ये तिथल्या मॅजिक किंग्डम पार्कच्या एका दिवसाच्या तिकिटानं शंभर डॉलर ओलांडले. आता तर दर तारखेनुसार बदलतो.

खरा ताप रांगेचा. १९९९पासून फुकट मिळणारा, रांग टाळायचा फास्टपास गेला आणि २०२१मध्ये त्याच्या जागी विकतची सोय आली. २०२४पासून ती डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी घेता येते, इतरांना तीनच. म्हणजे सुट्टीतही तत्काळ तिकिटासारखी धांदल!

तीन वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा दर. सात-आठ वर्षांचं मूल सोबत असेल, तर खर्च पटतो. तान्ह्या बाळाला उन्हात फिरवायला अजिबात नाही.