वाईची कृष्णा आणि घराखालची टाकी

वाईत कृष्णेला सात घाट आणि कृष्णाबाईचा उत्सवही घाटोघाटचा वेगळा. गणपती घाटावर रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या देवळात ढोल्या गणपती ऐसपैस बसलेला. दर्शनाला आलेली मंडळी पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावतात. त्याच पात्रात गावातले नालेही येऊन मिळतात, याकडे मात्र सगळ्यांचाच कानाडोळा.

गाव लहान म्हणून सांडपाणी थोडं, असं कुणी समजू नये. २०११च्या जनगणनेनुसार वाईची लोकसंख्या सुमारे ३६ हजार. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के गटारात, हा नेहमीचा ठोकताळा लावला तर दिवसाला ३९ लाख लिटरच्या आसपास सांडपाणी निघतं. त्यासाठी भुयारी गटार घालायचं तर अरुंद पेठा उकरा, पंप बसवा आणि मग जन्मभर विजेचं बिल भरा. नगरपालिकेला ते कुठून झेपणार?

म्हणून घरोघरी सेप्टिक टँक.

टाकीत वर तेलकट साय धरते, मधे पाणी राहतं आणि तळाला गाळ बसतो. हवेविना जगणारे जिवाणू तो गाळ पचवतात, पण सगळा नाही. दोन-तीन वर्षांनी उपसा झाला नाही, तर टाकीत जागाच उरत नाही आणि मैला आला तसा बाहेर पडतो. उपसायची म्हटली तरी झाकण सापडायला हवं! कुणी त्यावर फरशी बसवलेली असते, कुणी जिना चढवलेला. संडास तुंबला की मग गाडीवाल्याला फोन. गाडी तो मैला कुठल्या ओढ्यात रिकामी करते, हे कुणी विचारत नाही. दृष्टिआड सृष्टी.

वाई नगरपालिकेने २०१८ पासून हा क्रमच उलटा केला. तुंबण्याची वाट न बघता गाडी भागवार ठरल्या वेळी दारात येते, प्रत्येक टाकीचा उपसा तीन वर्षांतून एकदा. दारात पैसे मागायचे नाहीत, खर्च स्वच्छता करातून भागवायचा. आखणीला अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची मदत होती. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच वाट धरली. उपसा पंपाने होतो, पाइप टाकीत जातो, माणूस नाही. २०१३च्या कायद्याने माणसाला संरक्षणाच्या साधनांशिवाय टाकीत उतरवणं गुन्हाच आहे, तरी देशात त्यापायी अजून जीव जातात.

उपसलेला मैलागाळ रोज ७० हजार लिटर क्षमतेच्या केंद्रात जातो. तिथे पाणी आणि गाळ वेगळे होतात. गाळ वाळवून अगदी कमी हवेत तापवला की जंतू मरतात आणि कोळशासारखी भुकटी उरते.

आता ३९ लाखांपुढे ७० हजार म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. मग एवढा खटाटोप कशाला? कारण हा गाळ साध्या सांडपाण्यापेक्षा दहा ते शंभर पट तीव्र असतो. सगळ्यात वाईट घाण आधी उचलली, हे वाईचं शहाणपण मान्यच करायला हवं.

पण नदीचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. उत्तम चाललेली टाकीसुद्धा फार तर निम्मी घाण अडवते. तिच्यातून निथळणारं पाणी शोषखड्ड्यात जिरायला हवं. जुन्या पेठेत त्याला जागा नाही, म्हणून ते गटारात जातं. मोरीचं, भांड्यांचं, धुण्याचं पाणी तर थेटच. वर धोम धरण. पावसाळा सरला की पात्रात किती पाणी वाहायचं, हे धरणातून काय सुटतं त्यावर ठरतं, आणि धार बारीक झाली की तेवढाच नाला नदीला जास्त जड जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, देशात सर्वाधिक, आणि त्यांत कृष्णाही होती.

नाले घाटाच्या अलीकडे अडवून ते पाणी शुद्ध करणं हे काम पालिकांचंच, आणि नदीकाठच्या कुठल्याच गावाला ते टाळता येणार नाही. घरमालकाने मात्र दोन गोष्टी आजच कराव्यात. अंगणात हातभर जागा असेल तर शोषखड्डा खणावा, आणि नवी फरशी घालताना टाकीचं झाकण मोकळं ठेवावं.